दीडशे पोती आणि नऊ मिलिमीटरचे रूळ

इंदापूर तालुक्यातील वरकुटे या गावातून रेल्वे जात नाही. पश्चिमेला दौंड आणि पूर्वेला कुर्डुवाडी अशी दोन मोठी जंक्शने, आणि त्यांना जोडणारा मुंबई-मद्रास मार्ग भीमा ओलांडून करमाळ्याच्या बाजूने निघून गेलेला. उजनीचा जलाशय भरला तेव्हा या मार्गाचा जुना भागही सोडावा लागला. डिकसळचा दगडी रेल्वे पूल त्यानंतर मोटारींच्या आणि उसाच्या वाहनांच्या कामी आला. गावात रूळ नसले तरी या परिसरातल्या कापडाच्या, भुसाराच्या आणि किराण्याच्या जुन्या पेढ्यांचा व्यवहार रेल्वेवाचून चालत नव्हता. आजोबांच्या तोंडी ‘वाघीण लागली’, ‘बिल्टी आली’, ‘डेमरेज चढले’ हे शब्द रोजचे होते. नातवंडांना ‘वाघीण’ म्हणजे मालगाडीचा डबा, हे आता समजावून सांगावे लागते.

अशा एखाद्या घरच्या माडीवर, धान्याची कणगी हलल्यापासून रिकाम्या पडलेल्या खोलीत, एखाद्या तरुणाने छोट्या आगगाडीची मांडणी करावयास घेतली असे समजावे. पहिला प्रश्न गाडी कोणती घ्यावी हा पडतो आणि तो चुकीचा असतो. गाड्या विकत मिळतात. मांडणी कशाची करावयाची, हे आधी ठरवावे लागते.

पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबांनी पाहिलेले आहे. भाऊसाहेब जोशी यांनी अनेक वर्षे पदरमोड करून, हाताने घडवीत ते उभे केले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले केले. तेथे एक संपूर्ण नगर आहे. गाड्या सिग्नल पाळून धावतात, संध्याकाळ होते, घराघरांतून दिवे लागतात. ते पाहून आलेला मुलगा घरी येऊन प्रथम तसेच नगर करू पाहतो. परंतु ते नगर कल्पनेतले आहे. डोंगर कोठे असावा, पूल कोठे असावा, हे ठरविण्याचा अधिकार तेथे कर्त्याकडे राहिला. खऱ्या यार्डाची प्रतिकृती करणाऱ्यास हा अधिकार नसतो. एखादा सांधा दोन फूट अलीकडे घेतला तर पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. पण करणाऱ्यास ठाऊक असते. या छंदातला आनंद आणि त्रास दोन्ही येथूनच सुरू होतात.

दौंड की कुर्डुवाडी, हा निर्णय अवघड आहे. दौंडला खेळ मोठा. पुण्याहून येऊन नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला तेथे दिशा बदलावी लागे. इंजिन सोडून, दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा जोडावे लागे. अलीकडे कॉर्ड लाइन झाल्यावर पुष्कळ गाड्यांचा हा खोळंबा वाचला. प्रवाशांना तो नकोसा होता, पण छोट्या गाड्यांचा छंद असणाऱ्याला त्याच्याइतके रंजक काही नाही. शिवाय बारामतीची अरुंद गाडीही एके काळी दौंडहूनच सुटे. तरीही व्यापारी घराने कुर्डुवाडी निवडावी, असे म्हणावयास सबळ कारण आहे, आणि ते कारण बार्शी लाइट रेल्वेच्या इतिहासात आहे.

१८६० साली लोहमार्ग सोलापूरला पोहोचला, तेव्हा तो बार्शीला बाजूला ठेवून गेला. कापूस आणि धान्य यांची एवढी मोठी पेठ, पण स्थानक एकवीस मैलांवर. म्हणून स्थानकाचे नावच ‘बार्शी रोड’. तेच आजचे कुर्डुवाडी. मधला रस्ता बैलगाड्यांचा. जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत असलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही वाहतूक हेरली आणि अडीच फुटी गेजची हलकी रेल्वे काढण्याचे ठरविले. लंडनमध्ये कंपनी स्थापून, भांडवल जमवून, १८९७ मध्ये त्याने कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू केली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातील लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. दोनशे मैलांहून अधिक लांबीचा हा मार्ग १९५४ पर्यंत खाजगी कंपनीच्या मालकीचा होता. त्या वर्षी सरकारने तो ताब्यात घेतला.

कॅलथ्रॉपचा हिशेब व्यापाऱ्याच्या मनाला पटणारा आहे. एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, हे त्याने आधी ठरविले आणि त्यावरून हलके रूळ, हलके पूल, चार आसांच्या वाघिणी आणि आठ जोडचाकांची इंजिने अशी सगळी मांडणी केली. इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातून आली. वाघिणी आणि डबे एकाच मापाच्या सांगाड्यावर, पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद; म्हणजे सुटे भाग एकच, दुरुस्ती एकच, साठा एकच. गेज अडीच फूट आणि वाघिणीची लांबी बरोबर त्याच्या दहापट. लांबी-रुंदीचे हे गणित पुढे जगातल्या इतर अरुंद रेल्वेंनी अभ्यासिले. (हाच कॅलथ्रॉप उतारवयात विमानातून उडी मारण्याच्या छत्र्या बनवू लागला. मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात गेला, ते त्याच्या मनाला लागले होते. रोल्स-रॉइसमधील रोल्स तो हाच. अरबी घोड्यांवर त्याने पुस्तकही लिहिले. काही माणसांना एका आयुष्यात फार गोष्टी मावतात.)

मात्र या हिशेबात एक खर्च असा होता की तो कंपनीच्या वहीत लहान आणि व्यापाऱ्याच्या वहीत मोठा दिसे. लातूरची तूर किंवा बार्शीचा कापूस कुर्डुवाडीला येई आणि तेथे थांबे. पुढचे रूळ साडेपाच फुटांचे. अडीच फुटांची वाघीण त्यावर चढणे शक्य नव्हते. माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. पाच टनी आसाच्या चार आसांवर एकूण वीस टन. त्यात वाघिणीचे स्वतःचेही वजन आले. मालाला फार तर पंधरा टन धरले, तर शंभर किलोचे एक अशी दीडशे पोती होतात. ही दीडशे पोती एका वाघिणीतून दुसरीत जाणार ती माणसाच्या पाठीवरून. आकड्यांनी प्रत्येक पोत्याला भोक, प्रत्येक भोकातून सांडणारे मूठभर धान्य, पावसाळ्यात ओल, आणि मोठी वाघीण वेळेवर मिळाली नाही तर डेमरेज. पेढीवरच्या कीर्दीत याची नोंद ‘हमाली’, ‘तूट’ आणि ‘बारदान’ अशा तीन शब्दांत होई. हमालांच्या घरात मात्र त्याच नोंदीवर चूल पेटत होती.

कुर्डुवाडी करावयाची ती या धक्क्यासाठी. बाकी फलाट, पाण्याची टाकी, सिग्नल हे सर्वत्र असते.

आता मापे. घरगुती मांडणीत सर्वाधिक चालणारे प्रमाण १:८७ हे आहे. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात आणि बाजारात तयार मिळतात. परंतु ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ने भागले तर उत्तर १९.३ येते. अरुंद गेजचे ७६२ मिलिमीटर भागले तर ८.८, आणि त्यासाठी नऊ मिलिमीटरचे तयार रूळ जवळजवळ तंतोतंत बसतात. म्हणजे धाकटी गाडी बरोबर आणि थोरली चुकीची. भारतातले पुष्कळ छंदी साडेसोळाचेच रूळ वापरून मोकळे होतात, कारण तयार इंजिने आणि चाके त्याच मापाची. एकट्या ब्रॉडगेजच्या मांडणीत हे खपून जाते. कुर्डुवाडीत खपत नाही. तेथे डोळ्यांना प्रथम दिसावयाचा तो दोन रुळांमधला फरक. खरे प्रमाण २.२ पट आहे. तयार रुळांनी ते १.८वर येते, आणि थोरल्या-धाकट्यांतले अंतर मिटू लागते. ज्या भेदापायी दीडशे पोती पाठीवरून वाहिली गेली, तोच भेद प्रतिकृतीत पुसट झाला तर उरले काय?

यावर उपाय एकच आणि तो कष्टाचा. ब्रॉडगेजचे रूळ हाताने घालावेत. लाकडाच्या पट्ट्या कापून स्लीपर करावेत, पितळी किंवा निकेल-सिल्व्हरचे रूळ त्यावर बसवावेत, चाकांचे आस रुंद करून घ्यावेत. माडीवरच्या तरुणास एका संध्याकाळी वीतभर रूळ घालून झाला तरी पुष्कळ. सांधा तर आठवडा खातो. सांध्यातील जीभ कागदाच्या जाडीइतकी जरी उचललेली राहिली तरी इंजिन खाली उतरते, आणि ते नेमके पाहुणे आले असतानाच उतरते.

लांबीचा प्रश्न याहून निष्ठुर आहे. भारतीय रेल्वेच्या यार्डातील एक पूर्ण लांबीची लूप लाइन ६८६ मीटर धरतात. ८७ने भागली तरी ती पावणेआठ मीटरांहून अधिक होते. म्हणजे एकाच रुळासाठी सव्वीस फुटांची भिंत. कोणत्याही घरात संपूर्ण यार्ड मावत नाही. काही तरी गाळावे लागते आणि काय गाळले यावरून करणाऱ्याची पारख होते. नवखा माणूस सगळे थोडे थोडे आखडतो आणि शेवटी कशासारखेच दिसत नाही असे काही तरी हाती येते. जाणता माणूस चारपैकी दोन रूळ पूर्ण सोडून देतो, गाडी चौदाऐवजी सात डब्यांची करतो, आणि ज्या जागेसाठी हा खटाटोप मांडला ती जागा मात्र मापात ठेवतो. मालधक्क्याची लांबी कमी करू नये. फलाटाची केली तरी चालेल.

मापे मिळवावयाची कशी? यार्डात शिरून नव्हे. रुळांवर विनापरवाना जाणे हा १९८९च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि त्याहून मोठे कारण म्हणजे गाडी मागून येते तेव्हा ती फार आवाज करीत नाही. फलाटावर आणि पादचारी पुलावर उभे राहून पुष्कळ कळते. सध्याच्या ब्रॉडगेज मार्गावर साधारणपणे किलोमीटरला १६६० स्लीपर असतात. दोन स्लीपरांमधले अंतर सुमारे साठ सेंटिमीटर. शंभर स्लीपर मोजले की साठ मीटर झाले. दुकानात गज टाकून कापड मोजणाऱ्या घरातल्या मुलाला ही युक्ती शिकवावी लागत नाही. उपग्रहाच्या नकाशाशी ताडून पाहिले म्हणजे चूक लगेच पकडता येते.

परंतु याने फक्त आजचे कुर्डुवाडी मिळते. अरुंद गेज आता तेथे नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंढरपूरकडील आणि मग लातूरकडील मार्ग रुंद झाला, मिरजेचा त्यानंतर. आणि माल उलटविण्याचे काम संपले. व्यापाराच्या दृष्टीने ते इष्टच झाले. लातूरहून भरलेली वाघीण आता कोठेही न थांबता देशभर जाऊ शकते. बार्शी लाइटच्या काळातला कारखाना कुर्डुवाडीत अद्याप आहे. माथेरानच्या डब्यांचे कामही तेथे झालेले आहे. धक्का, तेथील गलका आणि तो काटा मात्र गेला. त्याचे छायाचित्र क्वचितच कोणी काढले असेल. इंजिनाचे काढतात, पोत्यांचे कोण काढतो?

येथे इंग्लंडमधील एका माणसाची आठवण होते. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये तेथे गेला आणि व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातील गवती छपरांची घरे त्याने पाहिली. ती झपाट्याने पाडली जात होती. त्याने एकेक घर मोजले, टिपून ठेवले आणि पुठ्ठ्याची लहान घरे करावयास आरंभ केला. १९५४ मध्ये त्यातून पेंडन संग्रहालय उभे राहिले. बार्शी लाइट सरकारजमा झाली तेच हे वर्ष. खोऱ्यातली खरी घरे बदलली, पडली. पुठ्ठ्यातली परसातल्या भाजीसकट उभी आहेत. छोट्या आगगाडीचा छंद म्हणून जे सुरू होते ते कधी कधी असे दप्तर होऊन बसते.

व्यापारी घरांजवळ असे दप्तर आधीच आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दिवाळीला पूजलेल्या आणि मग माळ्यावर टाकलेल्या जुन्या वह्यांत कुर्डुवाडीचा अर्धा संसार सापडू शकेल. कोणत्या महिन्यात काय माल आला, किती पोती, हमाली किती, तूट किती, बिल्टी किती दिवसांनी सुटली, हुंडेकरी कोण. या नोंदींवरून प्रतिकृतीचे वेळापत्रक करता येते. फाल्गुनात करडई आणि ज्वारी, दिवाळीपुढे कापूस, आषाढी-कार्तिकीला मालगाड्या मागे आणि वारकऱ्यांच्या गाड्या पुढे. लहान गाड्या नुसत्या गोल गोल फिरविण्यापेक्षा, अमुक मितीला बारा वाघिणी आल्या त्या आज सांजेपर्यंत मोकळ्या करावयाच्या, असा खेळ मांडला की मोठी माणसेही जेवण विसरतात. या वह्या रद्दीच्या भावाने जात आहेत. घर बदलताना, वाटण्या होताना, पहिल्यांदा माळा रिकामा होतो. मोडी वाचणारे हात आधीच कमी झाले आहेत, आणि धक्क्यावर उभे राहून पोती मोजलेले मुनीम तर घराघरांतून हाताच्या बोटांवर उरले आहेत. रूळ घालावयास पाच वर्षे लागली तरी चालतील. त्यांच्याजवळ जाऊन बसण्यास तेवढा अवकाश नाही.

साल निश्चित केल्याखेरीज रंगाचा डबा उघडू नये. १९५४ पूर्वीची वाघीण आणि नंतरची वाघीण यांवरची अक्षरे वेगळी, मालकच बदलला. मोठ्या रुळावर बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचे डब्ल्यूपी जातीचे इंजिन उभे करावयाचे तर १९४७ नंतरचेच साल हवे. मुनीमजींच्या आठवणीतले साल घेतले तर विचारावयास माणूस असतो, हा मोठा फायदा.

साहित्याबद्दल थोडे. जाड प्लायवुडची फळी, खाली सागाची चौकट. माडीवरची उष्णता आणि पावसाळा यांत पातळ फळी वाकते. रुळांखालची खडी बाजारातली विकत घेऊ नये. दख्खनच्या काळ्या दगडाची कच गावोगावी फुकट मिळते; ती मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळावी. आयात केलेल्या करड्या खडीवर कुर्डुवाडी कधीच दिसणार नाही. चिकटविण्यासाठी जुने सुतार सरस वापरीत. तो जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो, म्हणून श्रावकांच्या घरात तो येत नसे. महुव्याचे बळवंतराय पारेख यांनी १९५९ मध्ये पांढरा फेव्हिकॉल बाजारात आणला, तेव्हापासून ही अडचण उरली नाही. तोच पाण्यात पातळ करून, साबणाचा एक थेंब घालून खडीवर सोडावा. पोती कणकेची मुळीच करू नयेत. मीठ घातलेली कणीक सुबक वळते हे खरे, पण महिनाभरात मुंग्या लागतात आणि मग त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहतो. शाडू किंवा कागदाचा लगदा उत्तम.

विजेचे काम बारा व्होल्टांवर चालते, त्यामुळे भय नाही; मात्र गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर परत येईल अशी रचना केली तर दोन्ही बाजूंचे प्रवाह समोरासमोर येऊन ठिणगी पडते. भिंतीलगतच्या सरळ यार्डात हा प्रश्नच येत नाही.

आणि शेवटी ती वाघीण. पंचवीस फुटांची, म्हणजे प्रतिकृतीत पावणेनऊ सेंटिमीटर. सात फुटांची रुंदी, म्हणजे अडीच सेंटिमीटरला किंचित कमी. नऊ मिलिमीटरच्या रुळावर ती अंगापिंडाने फार मोठी दिसते, जणू धाकट्या भावाच्या वहाणा घातलेला पहिलवान. खरी बार्शी लाइटही अशीच दिसे. धक्क्याच्या एका अंगाला ही उभी करावी आणि दुसऱ्या अंगाला साडेपाच फुटी रुळावरची. दोन्हींचे दरवाजे उघडे.

मग पोती. एक पोते साधारण एक सेंटिमीटरचे. अशी दीडशे. पंधरा पोती टाकून, मागे काळा कागद लावून वाघीण भरलेली भासविता येते, आणि पाहणारा फसतोही. परंतु घरातल्या सर्वांनी एकेका रविवारी बसून दीडशे वळावीत. माणसे सुमारे एकोणीस मिलिमीटरची. बाजारात मिळणारी रंगीत माणसे युरोपी. टोप्या, कोट, हातात छत्री. त्यांचे टोप घासून मुंडासे करावे लागते, कोट खरवडून उघडी पाठ करावी लागते. पाठ किती वाकवावयाची, हे कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही. तेथे मुनीमजींना माडीवर बोलवावे. ते चष्मा पुसून बराच वेळ पाहतील आणि सांगतील, अजून थोडी.